ठोक्यांतून मृत्यूची चाहूल : एका शोधाचा इतिहास (थ्रेड)

१/१३
शिकागो, १९१०. डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. सिकलसेल आजाराची आधुनिक वैद्यकातील ही पहिली नोंद मानली जाते. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, त्याच हेरिक यांनी दुसरा निबंध लिहिला. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तरी रुग्ण तत्काळ मरतोच असे नाही, हे त्यांनी त्यात दाखवले.

२/१३
हे दोन निबंध वरवर पाहता असंबद्ध वाटतात. पण गोंदिया जिल्ह्यात त्यांच्या वाटा एकत्र येतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पूर्व विदर्भाच्या सिकलसेल पट्ट्यात मोडतो. हा आजार केवळ रक्तापुरता राहत नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तक्षयाचा भार हृदयावर पडतो, आणि प्रौढ रुग्णांत अकस्मात मृत्यूही ओढवतात. असा मृत्यू हृदयाच्या ठोक्यांवरून आधी ओळखता येईल का? या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे.

३/१३
चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेची पद्धतशीर मांडणी नाही. ती येते साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधर संहितेत. जळू, साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालींशी तिथे नाडीची तुलना केलेली आहे. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक समजावी, असेही शार्ङ्गधर सांगतो. ठोक्यांच्या लयीतून मृत्यूचे भाकीत करण्याचा हा आपल्याकडील एक जुना लेखी दाखला.

४/१३
मात्र अकस्मात मृत्यूच्या क्षणी हृदयात नेमके काय घडते, हे नाडीवर बोट ठेवून कळणे शक्य नव्हते. १८८९ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी त्याचे उत्तर सुचवले. अशा वेळी हृदय बहुधा एकदम बंद पडत नाही. त्याचे खालचे कप्पे विस्कळीतपणे थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. त्यांच्या या प्रतिपादनाकडे पुढील कित्येक वर्षे फारसे लक्ष गेले नाही.

५/१३
लय कागदावर उतरवण्याचे श्रेय नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी घडवलेल्या ईसीजी यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. तरीही एक उणीव उरली : ईसीजीची पट्टी काही सेकंदांचीच असते आणि मृत्यू त्या सेकंदांची वाट पाहत नाही.

६/१३
ही उणीव अमेरिकेतील माँटाना राज्याच्या नॉर्मन होल्टर यांनी भरून काढली. त्यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते आणि ते पाठीवर बांधून फिरावे लागे. १९६१ पर्यंत ते बरेच आटोपशीर झाले. हिंडता-फिरता, झोपेत, कामावर असताना दिवसभराचे लाखभर ठोके नोंदवता येऊ लागले. भाकिताला लागणारी सामग्री आता हाती आली होती.

७/१३
त्या नोंदींत एक गोष्ट ठळकपणे दिसली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांत मधूनमधून अवेळी, जादा ठोके पडत, त्यांच्यात अकस्मात मृत्यू अधिक होते. मग औषधाने ते ठोके दाबले तर मृत्यू टळतील, हा तर्क सर्वांना पटला. औषधे सर्रास दिली जाऊ लागली. जादा ठोके खरोखर कमी झाले.

८/१३
या तर्काची कसोटी ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीत लागली. १९८९ मध्ये तिचा मुख्य भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालानुसार एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. निष्प्रभ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दबले आणि माणसे अधिक मेली. जादा ठोका हे धोक्याचे चिन्ह होते. वैद्यकाने त्याला धोक्याचे कारण मानले.

९/१३
त्याच सुमारास दुसरे चिन्ह पुढे आले. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ. दोन ठोक्यांमधील अंतर सतत थोडे बदलत राहते, कारण हृदयाला वेग देणाऱ्या आणि आवर घालणाऱ्या मज्जातंतूंची ओढाताण अखंड चालू असते. हा चढउतार मावळला, तर आवर घालणारी बाजू दुबळी झाल्याची ती खूण असते.

१०/१३
१९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या २४ तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या ठोक्यांतील चढउताराचे माप ५० मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांना मृत्यूचा धोका १०० हून अधिक माप असणाऱ्यांच्या ५.३ पट होता. शार्ङ्गधराने अनियमित नाडीत मृत्यू पाहिला होता. इथे अतिनियमित नाडीत तो दिसत होता.

११/१३
उपायही तयार होता. गुरूच्या अकस्मात मृत्यूने हादरलेल्या मिशेल मिरोव्स्की यांनी शरीरात बसवायचे झटका-यंत्र घडवले. थरथर सुरू होताच ते विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करते. फेब्रुवारी १९८० मध्ये ते बाल्टिमोर येथे प्रथम माणसाच्या शरीरात बसवले गेले. भाकीत आणि उपाय यांची सांगड ‘डिनामिट’ चाचणीने घातली : नुकताच झटका आलेले, हृदयाची ताकद घटलेले, ठोक्यांची लय बिघडलेले ६७४ रुग्ण. २००४ चा निष्कर्ष असा : लय बिघडून झालेले मृत्यू यंत्र असणाऱ्यांत १२, नसणाऱ्यांत २९. एकूण मृत्यू मात्र ६२ आणि ५८. लयीच्या मृत्यूतून वाचलेली माणसे अन्य कारणांनी गेली.

१२/१३
भाकीत खोटे नव्हते. हे रुग्ण धोक्यात आहेत, हे लयीने बरोबर सांगितले होते. मृत्यू कोणत्या वाटेने येईल, हे तिने सांगितले नव्हते. म्हणूनच आजही झटका-यंत्र कोणाला बसवावे हे ठरवताना मुख्य भर हृदयाच्या रक्त ढकलण्याच्या ताकदीवर असतो. हे मापही अपुरेच आहे. अकस्मात मृत्यू येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची ताकद त्या मर्यादेच्या खाली गेलेली नसते. शोध त्यामुळेच थांबलेला नाही.

१३/१३
आता पुन्हा गोंदिया. सिकलसेलच्या रुग्णांत ठोक्यांतील चढउतार घटल्याचे आणि ईसीजीतील ‘क्यूटी’ अंतर लांबल्याचे अभ्यासांत आढळले आहे. क्यूटी म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा काळ. मलेरियावरचे क्लोरोक्विन, ॲझिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके तो आणखी लांबवू शकतात, आणि सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया नवा नाही. अशा रुग्णाचे साल सांगणारे गणित आज कोणाकडेही नाही. पण औषध देण्यापूर्वी काढलेली काही सेकंदांची ईसीजीची पट्टी ते औषध बदलायला लावू शकते. ‘कास्ट’ आणि ‘डिनामिट’ यांनी मोठी किंमत घेऊन शिकवले ते हेच : चिन्ह वाचता येणे ही अर्धी विद्या, ते वाचून काय करावे आणि काय करू नये, ही उरलेली अर्धी.