मामा तलाव आणि व्यवस्थाविचार

सुटे घटक न पाहता त्यांच्यातले परस्परसंबंध पाहण्याची रीत म्हणजे व्यवस्थाविचार. अमेरिकेतील एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात तिला गणिती रूप दिले. १९७२च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालाने ती जगभर पोहोचवली. हे शास्त्र पुढे संगणकावरच राहणार की बांधावर उतरणार, याची कसोटी गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलावांवर पाहायला मिळते.

कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर धान, मासे, गुरे, विहिरी असे सारेच अवलंबून असे. नवेगावबांधचा तलावही त्यांचीच निर्मिती मानली जाते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची गावकी सुटली. सिंचन एका खात्याकडे, मासेमारी दुसऱ्याकडे. तलाव आटू लागला की उपाय एकच, गाळ काढा! पण यंत्राने तळ सरसकट खरवडला की पाणवनस्पती जातात. त्यांच्यासोबत देशी माशांचा आसरा आणि पाणपक्ष्यांचे खाद्यही.

अर्जुनी मोरगाव परिसरात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि ढिवर मच्छीमारांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. तलावात माजलेली बेशरम या तणाची झुडपे उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, मग देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ढिवरांना तोंडपाठ होते. तलावाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याने पहिली भेट त्यांच्याच घरी द्यावी.