एकट्याचें गलबत आणि त्याचें सुकाणूं



भूगोलाच्या तासाला पृथ्वीप्रदक्षिणेचा विषय निघाला म्हणजे मॅगेलन आणि ड्रेक यांचीं नांवें सांगून आम्ही शिक्षक मोकळे होत असूं. जोशुआ स्लोकम हें नांव आमच्या क्रमिक पुस्तकांत नसे, त्यामुळें माझ्याही तोंडीं तें फार उशिरां आलें. या गृहस्थानें २४ एप्रिल १८९५ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन बंदर सोडलें आणि २७ जून १८९८ रोजीं तो न्यूपोर्ट बंदरांत परतला. मध्यंतरीं त्यानें सुमारें ४६,००० मैलांचा समुद्र ओलांडला होता, आणि गलबतावर त्याच्यावांचून दुसरा मनुष्य नव्हता.

हें धाडस मोठें, यांत शंका नाहीं. परंतु मला पडलेला प्रश्न अगदीं संसारी मनुष्याचा आहे : हा मनुष्य झोपत केव्हां असे? मोठ्या जहाजावर पाळ्या असतात. एक सुकाणूवरून उतरला कीं दुसरा तेथें उभा राहतो. स्लोकमच्या जागीं उभा राहावयास कोणी नव्हतें. वाऱ्याच्या बळावर आपोआप सुकाणूं फिरविणारीं यंत्रें लहान गलबतांवर आलीं तीं विसाव्या शतकांत. तेव्हां सुकाणूं सोडून मनुष्य खालीं निजला असतां गलबत सरळ चाललें तरच तो जगावयाचा.

गलबताचें नांव ‘स्प्रे’. एबेन पिअर्स नांवाच्या एका जुन्या कप्तानानें तें त्याला फुकट देऊं केलें. आणि फुकट कां, तें फेअरहेव्हन गांवीं गेल्यावर समजलें. एका शेतांत, समुद्रापासून दूर, तें जीर्ण होऊन पडलें होतें! स्लोकमनें एक एक लांकूड बदलून तें नव्यानें उभें केलें. तेरा महिने श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च, असा हिशेब त्यानेंच देऊन ठेवला आहे. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. लांबीच्या मानानें रुंदी बरीच, हें ध्यानांत असूं द्यावें. शेवटीं त्याचें काम पडेल.

आतां गलबत सरळ कां जात नाहीं, हें थोडें पाहूं. वर्गांत मी दाराचें उदाहरण देत असें. दार बिजागरीपाशीं ढकला, तें हलत नाहीं. कडेला ढकला, सहज फिरतें. गलबताची बिजागरी पाण्यांत असते. गलबत आडवें सरकूं लागलें कीं बुडालेल्या भागाला पाणी विरोध करतें, आणि त्या सगळ्या विरोधाचा एक मध्य कल्पितां येतो. वर शिडांवर पडणाऱ्या वाऱ्याच्या जोराचाही तसाच एक मध्य असतो. वाऱ्याचा मध्य पाण्याच्या मध्याच्या मागें पडला, तर मागची बाजू ढकलली जाऊन नाळ वाऱ्याकडे वळूं पाहते. पुढें पडला, तर नाळ वाऱ्यापासून दूर पळते. दोन्ही दोषांवर उपाय म्हणून सुकाणूं सतत तिरपें धरावें लागतें. हात दुखतो तो वेगळाच. तिरपें सुकाणूं पाण्याला आडवें येऊन वेगही खातें. यांतला पहिला दोष थोडासा असणें खलाशांना बरेंच वाटतें, कारण हात सुटला तरी गलबत वाऱ्याकडे तोंड करून थांबतें. दुसरा मात्र घातक.

या विषयाचें गणित स्लोकमच्या फार पूर्वीं सुरू झालें होतें. पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठीं पेरू देशांत गेलेला फ्रेंच पंडित पिअर बुगेर भूगोलाच्या शिक्षकांना परिचित आहे. त्यानेंच १७४६ सालीं नौकाशास्त्रावर ग्रंथ लिहून शिडांचा जोर आणि पाण्याचा विरोध यांचा मेळ घातला. पण कागदावरचे मध्य समुद्रावर स्थिर राहत नाहींत. वारा वाढून गलबत कललें कीं शीड एका बाजूला पाण्यावर झुकतें, बुडालेल्या भागाचा आकार दोन्हीं अंगांना सारखा राहत नाहीं, आणि शांत वाऱ्यांत शहाण्यासारखें चालणारें गलबत एकाएकीं वाऱ्याकडे ओढ घेऊं लागतें. अशा वेळीं सुकाणूशीं झगडणारा नवशिका असतो. जाणता आधीं मोठें शीड लहान करतो.

स्लोकमची रीत याच जातीची होती. वाऱ्याला धरून जातांना, हलक्या वाऱ्यांत ‘स्प्रे’ला सुकाणूं जवळजवळ लागतच नसे. वारा वाढला कीं तो वर येई, चाक एखाद्या आऱ्यानें फिरवी, पुन्हां दोरीनें बांधी आणि खालीं जाई. वारा मागून असतां मोठें शीड ओढण्याचें काम करी. पुढचें लहान शीड तो मध्यावर ताणून बांधी. नाळ वाऱ्याकडे वळूं लागली कीं त्याच शिडांत वारा भरे आणि तें तिला पुन्हां वाटेवर ढकली. वल्हें नाहीं, यंत्र नाहीं. एक ताणलेलें कापड!

या व्यवस्थेची परीक्षा लौकरच झाली. जुलै १८९५ मध्यें अझोर्स बेटें सोडल्यावर तेथें मिळालेलीं आलुबुखारें आणि पांढरें चीज त्यानें एकत्र खाल्लीं, आणि पोटांत कळा येऊन तो खालीं निपचित पडला. बाहेर वादळ. शुद्धीवर येतां त्याला दिसलें कीं सुकाणूवर एक परका खलाशी उभा आहे, आणि तो आपण कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या असल्याचें सांगत आहे. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों खवळलेल्या समुद्रांतून गलबत रात्रींत नव्वद मैल आलें होतें आणि दिशा तीच होती. वाटाडा तापाचा भ्रम होता असें म्हणावें; नव्वद मैल मात्र खरे.

पुढें ब्युनॉस आयरिस येथें त्यानें डोलकाठी सात फूट कापली, नाळेपुढची काठीही सुमारें पांच फूट आंखूड केली. मॅगेलनच्या सामुद्रधुनींत मागच्या टोंकाला आणखी एक लहान शीड उभारलें. मागें शीड वाढविलें म्हणजे वाऱ्याकडची ओढ वाढावी, असें आपलें दाराचें गणित सांगतें. परंतु त्याच वेळीं अवजड मोठें शीड लहान झालें होतें, आणि स्वतः स्लोकमच्या मतें फायदा मुख्यतः तेवढाच. वाऱ्याला धरून जातांना चाल थोडी सुधारली. आपल्याच युक्तीचें मोल इतकें बेताचें सांगणारा मनुष्य मला विश्वासार्ह वाटतो.

१८९७ च्या उन्हाळ्यांत थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्यानें तेवीस दिवसांत काटले. त्या सबंध अवधींत तो सुकाणूवर एकूण तीन तासांहून अधिक बसला नाहीं, आणि त्यांत बंदरांत शिरण्याची खटपटही आली. १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत हें त्यानें लिहिलें. शिडांचा मध्य कोठें होता हें आपल्याला अनुभवापलीकडे ठाऊक नव्हतें आणि त्याची फिकीरही नव्हती, असें सांगून, गणित केलें असतें तरी आपलें गलबत त्याला उतरलें असतें, अशीही पुस्ती त्यानें जोडली. १९०९ सालीं सिप्रियानो आंद्रादे या अभ्यासकानें ‘द रडर’ मासिकांत तें गणित केलें. ‘स्प्रे’चा तोल सिद्धांताप्रमाणें जवळजवळ निर्दोष निघाला.

एक गोष्ट मात्र राहते. सरळ चालणें निराळें आणि उलटूं लागल्यावर पुन्हां सावरणें निराळें. ‘स्प्रे’सारखें रुंद गलबत थोडें कललें तर खंबीरपणें उभें राहतें, फार कललें तर तीच रुंदी त्याला उलटेंच ठेवूं पाहते. तोलाच्या त्या हिशेबांत हा प्रश्न येत नाहीं.

त्याच १९०९ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, स्लोकम मार्थाज व्हिनयार्ड बेटावरून दक्षिणेकडे निघाला, याही वेळीं एकटाच. गलबत अथवा त्याचा मालक पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.