प्रिंटरमधला ‘लेटर’ कुठून आला?

घरच्या प्रिंटरला प्रिंट देताना जी खिडकी उघडते, तिच्यात ‘पेपर साइज’ असा एक रकाना असतो. तिथे पुष्कळदा ‘लेटर’ लिहिलेलं असतं. ट्रेमध्ये मात्र ए-फोर. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे लेटरचं रिम मी आजवर पाहिलेलं नाही. मग हा पाहुणा घरात शिरला कसा?

ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९. लेटर जरासा रुंद, पण पावणेदोन सेंटिमीटरने बुटका. फॉर्मवर सहीची जागा नेमकी तेवढ्यातच असते! ‘फिट टू पेज’ चालू असेल तर काही कापलं जात नाही, सगळं पान ९४ टक्क्यांवर येतं. वाचायला फरक पडत नाही. पण पानावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो असतील तर ते ३३ बाय ४२ होतात. माझ्या मावसबहिणीचा व्हिसाचा अर्ज या दोन मिलिमीटरपायी खिडकीवरून परत आला आणि तिकीट पुढे ढकलावं लागलं.

ए-फोरमागचं गणित जर्मनीतलं. ग्योटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लिश्टेनबेर्ग यांनी १७८६ साली बेकमान या मित्राला पत्र लिहिलं. एका इंग्रज तरुणाला त्यांनी बीजगणिताचं कोडं घातलं होतं: कितीही वेळा मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण बदलणार नाही असा कागद शोध. उत्तर एकच निघतं, एकास वर्गमूळ दोन. गंमत म्हणजे, हाताशी असलेला कागद मोजला तर तो आधीच तसा निघाला.

वाल्टर पोर्स्टमान यांनी १९२२ मध्ये या प्रमाणाला मीटरची जोड दिली आणि ते जर्मन मानक झालं. ए-झीरो म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. चार वेळा अर्धा केला की ए-फोर. म्हणून ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं भरतं, पाकिटाचं वजन तोंडी काढता येतं. एका कागदावर दोन पानं छापली तर ती नीट बसतात, तेही यामुळेच. १९७५ मध्ये हे आंतरराष्ट्रीय मानक झालं.

अमेरिका मात्र इंचांवर अडून राहिली. तिथलं सरकार तर १९२१ पासून बाजारापेक्षाही अर्ध्या इंचाने लहान कागद वापरत होतं. रेगन यांच्या काळात साडेआठ-अकरावर एकमत झालं. आणि नेमक्या त्याच सुमाराला तिथले पीसी नि लेसर प्रिंटर जगभर निघाले, पोटात ‘लेटर’ घेऊन. एचपीच्या लेसरजेटवर ‘पीसी लोड लेटर’ असा संदेश झळके. पीसी म्हणजे पेपर कॅसेट, हे कुणाला कळणार? लोकांना वाटे, कॉम्प्युटरमध्ये पत्र घालायचं. १९९९ च्या ‘ऑफिस स्पेस’ सिनेमात तो विनोद अजरामर झाला.

आपणही फार शहाणे नव्हतो. परीक्षेचा ‘फुलस्केप’ हा जुन्या इंग्रजी कागदावरच्या विदूषकाच्या टोपीचा वॉटरमार्क; टोपी गेली, नाव उरलं. सर्वोच्च न्यायालयातले लांबलचक, एकाच बाजूला छापलेले कागद जाऊन ए-फोर, तोही दोन्ही बाजूंनी, यायला २०२० उजाडलं.

घरी हा आकार तीन ठिकाणी दडलेला असतो: फाइलच्या ‘पेज सेटअप’मध्ये, कॉम्प्युटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये आणि पुष्कळ प्रिंटरांच्या स्वतःच्या मेनूत. एक बदलून बाकीचे तसेच ठेवले की भांडण सुरू. लॅपटॉप लावताना ‘रीजन’ अमेरिका राहिला असेल तर तोही पाहा, ‘लेटर’ बऱ्याचदा तिथूनच येतो. फोटोंचं पान असेल तर ‘फिट टू पेज’ काढून ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ करा, आणि फोटोपेपर घालण्याआधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून पट्टीने मोजा.