विंचवाची कळ आणि विंचवाचे विष

धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः उमरगा-लोहाऱ्याच्या अंगाला, दगडमातीच्या रुंद भिंती उभारून त्यांवर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचे थर देऊन माळवद घालण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि जिचा घातकपणा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सगळ्या देशाला कळला, त्या रीतीने माणसाबरोबर विंचवाचीही उत्तम सोय करून ठेवली होती. दिवेलागणीला चुलीसाठी गोवरी ओढणाऱ्या बाईच्या बोटाला नांगी लागली की घरचा माणूस धावत निघे तो विंचू उतरवणाऱ्याकडे. निजामाच्या अंमलात हा जिल्हा गुलबर्गा सुभ्यात मोडत असे. सरकारी दवाखाना असलाच तर तालुक्याच्या कसब्यात, आणि तिथवरची वाट बैलगाडीची. मांत्रिक मात्र गावातच. तो कडुलिंबाचा डहाळा फिरवीत विचारी, विष कुठवर चढले? मनगट, कोपर, खांदा असे उत्तर येई आणि त्याच्या उलट क्रमाने ते उतरविले जाई. मोबदला घेतल्यास मंत्राचा गुण जातो, या समजुतीमुळे तो बहुधा पैही घेत नसे. म्हणून त्याला लुच्चा म्हणण्याची घाई मला रुचत नाही. बहुतेक दंश केवळ वेदना देतात आणि ती वेदना कालांतराने आपोआप ओसरते. श्रेय अर्थातच मंत्राच्या खाती जमा होई.

परंतु सगळे विंचू एका जातीचे नव्हेत. सुश्रुताने कल्पस्थानात मंद, मध्य आणि महाविष असे त्यांचे तीन वर्ग केले आणि मंद विषाच्या विंचवांची उत्पत्ती शेणात सांगितली. एकनाथांच्या भारुडामुळे विंचू घरोघर पोहोचला खरा, पण रूपक म्हणून. प्रत्यक्ष लाल विंचवाने माणूस नेमका कशाने मरतो, याचा छडा लागण्यास विसावे शतक सरत यावे लागले.

तो छडा लावणारा मनुष्य मराठवाड्याचाच. भोकरदनजवळच्या देहेड गावी १९५१ साली जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपुरात वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रोगी डोळ्यांदेखत दगावू लागले, तेव्हा रात्र रात्र उशाशी बसून त्यांनी जी टिपणे केली, त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. जो रोगी कळेने आक्रोश करतो तो बहुधा वाचतो. ज्याला कळ बेताचीच, परंतु ज्याला दरदरून घाम फुटतो, वांत्या होतात आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याची धडगत नसते. म्हणजे गावाचे सारे लक्ष जिच्यावर खिळलेले असे, ती वेदना संकटाचे माप नव्हतीच.

लाल विंचवाच्या विषाचा हल्ला मज्जातंतूंवर होतो. तंतूच्या आवरणातील सोडियमचे दरवाजे वेळेवर मिटेनासे होतात, तंतू पुनःपुन्हा संदेश सोडीत राहतो आणि इच्छेच्या ताब्याबाहेरची सारी मज्जासंस्था खवळते; रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. लक्षणांची ही साखळी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे बावस्करांनी योजिलेले औषध म्हणजे रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन: प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, दर तीन तासांनी. गंभीर रोग्यांतील मृत्यू शेकडा ३० ते ४० वरून १ च्या आसपास उतरले. या साऱ्या खटाटोपात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी सहकारी होत्या. एका खेडवळ दवाखान्यातील हे काम जगन्मान्य नियतकालिकात छापून यावे, ही आपल्या वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडणारी गोष्ट नव्हे.

रोगी सुधारू लागला की नांगी लागलेल्या जागी कळ पुन्हा उठते, असेही त्यांना आढळले. आदल्या रात्री गप्प पडलेला माणूस सकाळी विव्हळू लागला तर वैद्याने हायसे वाटून घ्यावे! २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील त्यांच्या चाचणीने प्राझोसिनला विंचूविषावरील प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हे दाखविले आणि २०२२ मध्ये पद्मश्री आली. तिकडे १९९० साली याच लाल विंचवाच्या विषातून इबेरिओटॉक्सिन नावाचा घटक वेगळा काढण्यात आला आणि पेशींतील पोटॅशियमच्या एका विशिष्ट दरवाजाला कुलूप घालण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा तो आता विकत घेतात.