वाटेवरचं अंबड

‘तुमच्या अंबडला पाहण्यासारखं काय आहे हो?’ नोकरीनिमित्त बाहेरगावी राहिलो, तेव्हा हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. माझं उत्तर ठरलेलं असे. ‘तसं काही नाही. टेकडीवर देवी आहे, नवरात्रात यात्रा भरते. बाकी आपलं तालुक्याचं गाव.’ एवढं सांगून मी विषय वेरूळ-अजिंठ्याकडे वळवायचो. जालन्याहून एसटीनं निघालं की तासाभरात येणारं हे गाव. त्यात सांगण्यासारखं काय असणार, असं मला प्रामाणिकपणे वाटत असे. माझं हे उत्तर किती चुकीचं होतं, ते आज मला सांगायचं आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करतो. आजीनं आयुष्यात फार प्रवास केला नाही. तिचं माहेर पंचक्रोशीतलंच. पैठणला नाथषष्ठीला ती दोन-तीनदा गेली असेल. पण काशीची तिला खडान्खडा माहिती होती. गंगेचे घाट कसे आहेत, मणिकर्णिकेवर काय दिसतं, विश्वनाथाच्या गल्ल्या किती अरुंद आहेत, हे ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कालच परत आली. तिची ही काशी तयार झाली होती कीर्तनातून आणि गल्लीतल्या मावंद्यांतून. कुणी काशीयात्रा करून आलं की मावंदं घालायचं, गंगेच्या गडूची पूजा करायची. त्या दिवशी यात्रेकरू बोलायचा आणि आजी मुकाट्यानं ऐकत बसायची. काका तिची थट्टा करायचे, ‘तू कधी पाहिलीस गं काशी?’ ती म्हणायची, ‘पाह्यली नाही तर काय झालं? ऐकलीय की!’

याच आजीच्या तोंडी आणखी एक नाव असे. पाण्याचा विषय निघाला की ती म्हणायची, ‘आमच्या वेळी अहिल्याबाईच्या बारवेवर...’ लहानपणी मला वाटायचं, ही अहिल्याबाई म्हणजे गल्लीतलीच कुणी म्हातारी असणार. पुढे शाळेत पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा धडा शिकलो, इंदूर आणि महेश्वर नकाशात शोधलं. पण त्या धड्यातली राणी आणि आजीच्या बोलण्यातली अहिल्याबाई एकच, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बरीच वर्षं गेली. एकदा एका ग्रंथालयात गोवळकोंड्याच्या हिऱ्यांविषयी वाचत होतो. त्या निमित्तानं ताव्हेर्नियेचा प्रवासग्रंथ हाती आला. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रान्सचा जवाहिऱ्या. १६०५ साली पॅरिसमध्ये जन्मला. १६३० ते १६६८ या काळात त्यानं पूर्वेकडे सहा सफरी केल्या. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तो हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याचा ग्रंथ १६७६ साली पॅरिसला छापला गेला. त्यात सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याची वाट टप्प्याटप्प्यानं, कोसांच्या हिशेबानं दिली आहे. तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, सोडल्यावर दुसरं नाव येतं ‘औबर’. त्यापुढे आष्टी येते आणि आणखी काही मुक्कामांनंतर नांदेड. हे औबर म्हणजे आपलं अंबड.

ते नाव वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. ज्या गावाविषयी मी ‘तसं काही नाही’ म्हणत होतो, त्या गावाचं नाव साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये छापलं गेलं होतं. आता खरं सांगायचं तर त्यानं अंबडचं वर्णन केलेलं नाही. नुसतं नाव आणि अंतर. रात्री मुक्काम करावा, बैलांना चारा घालावा आणि पहाटे निघावं, एवढाच त्याचा गावाशी संबंध. पण या वाटांवरचं एकूण प्रवासाचं चित्र त्यानं बारकाईनं काढलं आहे. बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन निघत, तेव्हा दहा-दहा, बारा-बारा हजार बैल एका रांगेत चालत. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे. लहानातल्या लहान खेड्यातही तांदूळ, पीठ, लोणी, दूध आणि भाजीपाला मिळतो, याचंही त्याला कौतुक आहे. हे वाचल्यावर गावाबाहेरचा जुना रस्ता मला वेगळाच दिसू लागला. हजारो बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज त्या माळावर कसा घुमत असेल, असा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

मग हा रस्ता कुठे गेला? तर आगगाडीनं तो पुसला. १९००च्या सुमारास निजामाच्या मुलखात मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली. ती जालना, परतूर, सेलू अशी गेली. अंबड बाजूला राहिलं. जालन्याची बाजारपेठ वाढली आणि आमचं गाव मुख्य वाटेवरून आडवाटेला आलं. पाहण्यासारखं काही नाही असं जे मला वाटत होतं, त्याचं एक कारण हेही असावं. वाट बदलली की गावाची गोष्ट सांगणारे प्रवासीही बदलतात.

ताव्हेर्नियेविषयी आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्याचे वडील नकाशांचा व्यापार करत. घरी भूगोलाचे जाणकार येत, नकाशे पसरून दूरच्या देशांविषयी बोलत. ते पोर ऐकत बसे. आपल्या प्रवासाच्या ओढीचं मूळ या गप्पांत आहे, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. म्हणजे पॅरिसच्या घरात नकाशाभोवती घुटमळणारा हा मुलगा आणि अंबडच्या वाड्यात मावंद्याला कान देऊन बसलेली माझी आजी, ही एकाच जातीची माणसं. फरक इतकाच, की त्याला बाहेर पडता आलं आणि तिला आलं नाही.

आणि ताव्हेर्नियेच्या नावांचा उलगडा करणारा माणूसही मजेशीरच. व्हॅलेंटाइन बॉल हा आयरिश भूशास्त्रज्ञ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यानं बरीच वर्षं पायपीट केली होती. मायदेशी परतल्यावर त्यानं ताव्हेर्नियेच्या या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १८८९ साली प्रसिद्ध झालं. फ्रेंच जिभेनं वाकवलेली गावांची नावं घ्यायची आणि सर्वेक्षणाच्या नकाशांशी ती ताडून पाहायची, हा उद्योग त्यानं आयर्लंडमध्ये बसून केला. प्रवास पायांनी होतो, तसाच तो बोटांनी नकाशावरही होतो, हे मला या दोघांमुळे कळलं.

आता याच काळातला, पण आपल्या मातीतला एक प्रवासी पाहू. ताव्हेर्निये जन्मला त्यानंतर तीन वर्षांनी, १६०८ साली, रामनवमीला जांब गावी ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. हे जांब पूर्वी अंबड तालुक्यातच होतं. आता ते घनसावंगी तालुक्यात येतं. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून हा मुलगा पळाला, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असं घर नसेल. तो गोदाकाठानं नाशिकला गेला. टाकळीला त्यानं बारा वर्षं तप केलं. पुढची बारा वर्षं देशभर तीर्थाटन केलं. मग १६४४च्या सुमारास कृष्णाकाठी स्थिर झाला आणि समर्थ रामदास म्हणून ओळखला जाऊ लागला.

या हकिगतीत मला सर्वांत जास्त काय भावतं, ते सांगतो. सांप्रदायिक चरित्रांत असं येतं, की तीर्थाटन करताना समर्थ एकदा जांबला घरी आले. मुलाच्या काळजीनं राणूबाईंची दृष्टी गेली होती. दारातल्या बैराग्याचा आवाज त्यांनी ओळखला. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडू. पण वर्षानुवर्षं चालून, हिमालयापासून दक्षिणेपर्यंतचा मुलूख पाहून माणूस आपल्या उंबऱ्याशी येतो, तेव्हा तो उंबरा त्याला कसा दिसला असेल? बाहेरचं पाहून आलेल्या डोळ्यांनाच घर नीट दिसतं का? ताव्हेर्निये अंबडवरून गेला, कारण त्याला पुढे जायचं होतं. नारायण जांबहून गेला, पण त्याला एकदा तरी परत यावंसं वाटलं. एकाच गोदाखोऱ्यातले हे दोन प्रवास, आणि दोन्ही जवळजवळ एकाच काळातले.

तिसरी व्यक्ती अर्थात अहिल्याबाई. मल्हाररावांच्या मृत्यूनंतर १७६७ मध्ये त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत तो महेश्वरहून पाहिला. नर्मदेच्या काठावर बसून त्यांनी काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० साली उभं केलं. सोमनाथ, गयेचं विष्णुपद, आपल्याजवळचं वेरूळचं घृष्णेश्वर, ही यादी आपण पाठ केलेली असते. पण त्यातलं काम डोळ्यांसमोर आणून पाहा. रेल्वे नाही, तार नाही. कुठल्या तीर्थाला घाट नाही, कुठल्या वाटेवर पाणी नाही, कुठे अन्नछत्र हवं, ही माहिती महेश्वरला पोचायची ती यात्रेकरूंकडून, कारकुनांच्या पत्रांतून. उत्तरादाखल इथून पैसा आणि माणसं निघायची. दूरदूरच्या देवळांना गंगेच्या कावडी पोचवण्याची व्यवस्थाही त्यांनी लावली होती. हा दानधर्म मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून होई, आणि तो होळकरांच्या राज्याच्या सीमेपाशी थांबत नसे. एका जागी बसून सगळा देश मनात बाळगणारी याहून मोठी व्यक्ती मला तरी ठाऊक नाही.

अंबडची पुष्करणी बारव त्यांच्याच नावानं सांगितली जाते. अंबडशी होळकरांचा संबंध जुना आणि मत्स्योदरी देवीच्या मंदिराशीही अहिल्याबाईंचं नाव जोडलेलं आहे. ज्या टेकडीवर देवी आहे, तिचा आकार माशासारखा. म्हणून देवी मत्स्योदरी. वाटेवरचं गाव, टेकडीवर देवी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी हवं. बारव इथं का हवी, हे ताव्हेर्नियेची वाट समजल्यावर आपोआप कळतं. गोवळकोंड्याकडे, नांदेडकडे, पैठणकडे जाणारा माणूस इथं थांबत असणार.

ग्रंथालयातल्या त्या दिवसानंतर मी अंबडला गेलो, तो आधी घरी न जाता बारवेवर गेलो. लहानपणी कितीदा तिच्याजवळून गेलो असेन. चेंडू आत गेला म्हणून उतरलोही होतो. पण पाहिली मात्र त्या दिवशी. एकेक पायरी उतरत गेलं की वरचा रहदारीचा आवाज हळूहळू कमी होतो आणि दगडाचा गारवा पावलांना लागतो. पायऱ्यांच्या कडा पावलांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. पाण्यावर प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. दगडांच्या फटींत पिंपळानं मूळ धरलं होतं. त्याबद्दल कुणाला बोल लावावा? इतकी वर्षं ‘तसं काही नाही’ असं सांगत फिरणारा मीच होतो. गावच्या माणसानंच असं म्हटल्यावर बाहेरच्यानं का थांबावं?

तिथं बसल्यावर आजी आठवली. काशी पाहायची तिची इच्छा राहूनच गेली. आमच्या घरातल्या कुणीही तिला नेलं नाही. शेतीची कामं, लग्नकार्यं, पुढच्या वर्षी पाहू, असं करत ती गेली. याची बोच मला आहे. पण त्या पायरीवर एक गोष्ट ध्यानात आली. आजी ज्या विश्वनाथाच्या मंदिराचं वर्णन ऐकत होती ते ज्या बाईनं बांधलं, तिच्याच नावाच्या बारवेतून तिनं घागरी भरल्या होत्या. हे आजीला माहीत होतं की नव्हतं, आता विचारता येत नाही. मला माहीत असतं, तर मी तिला सांगितलं असतं. मावंद्याच्या दिवशी ती कान देऊन बसायची, तशीच तिनं हेही ऐकलं असतं.

मंडळी, आज प्रवास सोपा झाला आहे. सकाळी निघून संध्याकाळी काशीत आरती पाहता येते. जायचं नसेल, तर हातातल्या फोनवर घाट दिसतो. दोन्ही चांगलंच आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. वाचून, ऐकून, चित्र पाहून केलेला प्रवास खोटा नसतो, हे आजीनं मला शिकवलं. माझी एवढीच विनंती आहे. दूरच्या गावाविषयी जितक्या चौकशा करता, तितक्या एकदा स्वतःच्या गावाविषयी करा. गावातून जुनी वाट कुठून कुठे जात होती? बारव कुणाच्या नावाची? नदीला उतार कुठे होता? घरातलं वयस्कर माणूस हयात असेल, तर त्याला आजच विचारा.

मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्यानं मला तोच जुना प्रश्न केला, ‘अंबडला पाहण्यासारखं काय आहे?’ मी त्याला म्हटलं, ‘रविवारी मोकळा आहेस का? मग चल माझ्याबरोबर. आधी टेकडीवर जाऊ, मग बारवेवर. आणि हो, येताना एक रिकामं पोतं घेऊन ये. पिशव्या काढायच्या आहेत.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)