टिफ्रॅकचे दिवस

आरे-वारे ज्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वसले आहे, त्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरविली. कोणी गिरणीत साच्यावर उभा राहिला, कोणी गोदीत, कोणी कचेरीत खातेवह्या भरीत बसला. संगणकाच्या बाल्यावस्थेची कथा मुंबईचीच. म्हणून ती आम्ही घरची गोष्ट समजूनच सांगणार आहोत.

त्या काळी संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आज वृद्ध झाली आहेत. त्या दिवसांविषयी ती मोठ्या हळहळीने बोलतात. ही हळहळ केवळ सरलेल्या तारुण्याची की तिच्यात काही तथ्य आहे, हे पाहिले पाहिजे.

यंत्राला आज्ञा देण्याची विद्या प्रथम नांदली ती विणकराच्या मागावर. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार याने मागाला भोकांचे पुठ्ठे जोडले. भोक असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खालीच राही आणि नक्षी उमटे. १८९० च्या अमेरिकेतील शिरगणतीत हॉलरिथ याने तशाच भोकांच्या पत्त्यांवर माणसे मोजली. संगणकानेही पुढे हीच लिपी उचलली.

आपल्या देशात पहिला संगणक १९५५ साली कलकत्त्यास आला. तो विलायतेहून आणलेला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र यंत्र येथेच घडविण्याचा निश्चय झाला. प्रमुख होते आर. नरसिंहन. त्यांच्याखेरीज त्या गटातील कोणी परदेशी शिकलेला नव्हता, की कोणी संगणक हाताळलेला नव्हता. करीत करीत शिकणे एवढीच त्यांची शाळा! १९५६ मध्ये नमुन्याचे छोटे यंत्र चालू झाले. १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामास लागले. आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

त्या यंत्रात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. स्मरणासाठी चुंबकी कड्यांचे जाळे होते. त्यात ४० अंकचिन्हांचे २०४८ शब्द मावत. आज खिशातल्या फोनवर काढलेले एक छायाचित्रही तेवढ्या जागेत बसणार नाही. इतक्या तुटपुंज्या जागेत गणित बसवावयाचे, तर कोणता आकडा कोणत्या घरात ठेवला आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तोंडपाठ असावे लागे. आज्ञा यंत्राच्याच आकडी भाषेत लिहावयाची, कागदी फितीवर भोके पाडून ती यंत्रास द्यावयाची, आणि उत्तर चुकले की पुन्हा फितीकडे वळावयाचे. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकी यंत्र आले आणि लवकरच टिफ्रॅकचे दिवस सरले.

वृद्धांची हळहळ त्या नळ्यांच्या उष्म्यासाठी खचित नाही. कारागिराला आपले हत्यार आरपार ठाऊक होते, त्यासाठी ती आहे. जुन्या साचेवाल्याचेही दुःख तेच असते.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कारकुनांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. यंत्र कोण बसविणार, त्याचा लाभ कोणास आणि पोट कोणाचे जाणार, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने १९६९ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनासंबंधी समिती नेमली. १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. पुढे १९८३ मध्ये बँक-कर्मचारी संघटनांनी बँकांच्या संघाशी यंत्रीकरणाचा करार केला. यंत्र अडविणे हा एक मार्ग. यंत्रापुढे बसून अटी ठरविणे हा दुसरा. आमच्या चळवळीने दोन्ही वापरले आहेत.

आज घरोघर जिन्नस पोचविणाऱ्या पोराचा फेरा आणि त्याचा मोबदला प्रोग्रॅमच ठरवितो. त्यात कोणत्या आज्ञा आहेत हे त्यास कोणी सांगत नाही. दाम कमी आला तर जाब कोणास विचारावा, हेही त्यास उमगत नाही. फितीवरची भोके निदान उजेडासमोर धरून वाचता तरी येत होती!

जुन्या दिवसांपासून घ्यावयाचे ते हेच. ज्या आज्ञेवर माणसाची भाकरी अवलंबून, ती आज्ञा वाचण्याचा हक्क त्या माणसास असला पाहिजे. टिफ्रॅक घडविणारे हे न शिकविता शिकले. आमच्या पोरांनाही ते शिकता येईल. ते शिकविणे हे संघटनेचे काम आहे, आणि तितकेच अशा व्याख्यानमालांचेही.