पाठीवर टाचणी असलेला ढेकण्या

आमच्या कोकणात काजूला मोहोर आला की सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे लागतं. एका वर्षी आमच्या बागेतली कोवळी पालवी आणि मोहोर बघता बघता काळा पडला. ‘धुक्यानं करपला,’ असं म्हणून आबा गप्प झाले. त्या वर्षी घरात काजू विक्रीचा पैसा आलाच नाही.

पुढे शेतीशास्त्र शिकताना सुट्टीत बागेत गेलो, तेव्हा खरा चोर सापडला. लांबी जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर, डोकं काळं, छाती तांबूस, पोट काळं-पांढरं. भिंगाखाली पाहिलं तर पाठीवर एक टाचणी उभी, तिच्या टोकाला बोंडी! हाच तो ढेकण्या. सोंड खुपसून तो रस शोषतो. त्याच्या लाळेमुळे तिथला भाग मरतो आणि डाग काळा पडतो. मादी कोवळ्या देठातच अंडी घालते. बाहेर दिसतात ते केसासारखे दोन धागे.

या कीटकाच्या नावाचा इतिहास मोठा रंजक आहे. १८५८ साली सिन्योरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने सिलोनच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं आणि ‘हेलोपेल्टिस अँटोनी’ असं नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘हेलॉस’ म्हणजे खिळा आणि ‘पेल्टे’ म्हणजे ढाल. पाठीवरच्या ढालीवर खिळा, असं हे नाव!

तिकडे आसामात चहाचे मळेवाले अशाच एका किडीने हैराण झाले होते. तिला ते ‘चहाचा डास’ म्हणत. डासाशी तिचा काही संबंध नाही. ती जात ढेकणाच्या गोतातली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या वुड-मेसन यांनी तिच्यावर अहवाल लिहिला, तो १८८४ साली प्रसिद्ध झाला. १८८६ साली वॉटरहाउस यांनी आसामची कीड सिलोनच्या किडीहून वेगळी ठरवून तिला ‘थिव्होरा’ म्हटलं. तिच्यावर अभ्यास करणारे हॅरॉल्ड मान पुढे १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजात आले. पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीमुळे आपल्याला परिचित असलेले मान ते हेच.

तरीही घोळ संपला नाही. रंग बदलतो, नर-मादी वेगळे दिसतात. त्यामुळे जावापर्यंतच्या कितीतरी किडी ‘अँटोनी’ म्हणूनच नोंदल्या गेल्या. १९९१ साली स्टोनडाल यांनी संग्रहालयांतले नमुने तपासून, नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून या जाती नीट वेगळ्या केल्या. अँटोनी ही मुख्यतः दक्षिण भारत आणि श्रीलंकेची, हे तेव्हा स्पष्ट झालं.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? पण एका जातीवर केलेले प्रयोग दुसरीच्या नावावर जमा झाले, तर शेतकऱ्याला सल्ला तरी कोणत्या आधारावर द्यायचा?

आबांना मी भिंगातून ती टाचणी दाखवली. ढगाळ हवेत या किडीचं फावतं, तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, असंही सांगितलं. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. म्हणाले, ‘म्हणजे इतकी वर्षं मी साक्षीदारालाच चोर समजत होतो!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)